जपानमधल्या हॉटेलात चेक-इन करताना

मुंबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी नारिताला उतरतं. इमिग्रेशन, सामान आणि पुढचा रेल्वेप्रवास धरून टोकियोतल्या हॉटेलवर पोचायला अकरा-बारा वाजतात. खोली मात्र बहुतेक ठिकाणी दुपारी 3 वाजता मिळते. ही वेळ तिथे काटेकोर पाळतात, त्यामुळे रदबदली करण्यात शक्ती घालवू नका. बॅगा काउंटरवर ठेवून घेतात. औषधं आणि चार्जर हातातल्या पिशवीत काढून घ्या आणि सरळ फिरायला निघा.

चेक-इनला प्रत्येकाचा पासपोर्ट लागतो. जपानमध्ये ज्यांचं घर नाही, अशा परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत हॉटेलांनी ठेवावी, असा सरकारी नियम 2005 पासून आहे. झेरॉक्स काढून पासपोर्ट लगेच परत देतात. तो खोलीत ठेवून बाहेर पडू नका. पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा, असा तिथला कायदाच आहे.

आमच्या प्रवाशांचा सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो नावांवरून. बुकिंग सासरच्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा, किंवा टोकियोत नोकरी करणाऱ्या मुलाने आई-बाबांची खोली स्वतःच्याच नावावर घेतलेली. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांना मग काउंटरवर ताटकळत उभं राहावं लागतं. म्हणून बुकिंगआधी सगळ्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आम्हाला पाठवा. मुलगा-मुलगी परस्पर बुकिंग करणार असतील, तर पाहुणा म्हणून तुमचं नाव घालायला सांगा, पासपोर्टवर आहे अगदी तसंच.

माणसंही मोजून सांगा. तिथे बऱ्याच हॉटेलांत भाडं माणशी असतं. “पिल्लू आमच्यातच झोपेल” म्हणून मुलांचा उल्लेख टाळू नका. किती वर्षांपर्यंतचं मूल फुकट राहू शकतं, हे प्रत्येक हॉटेल आपापलं ठरवतं. वय कळलं की आम्ही विचारून ठेवतो.

रिओकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासात, जेवणासह राहणार असाल तर संध्याकाळी 6 च्या आत पोचा. जेवणाची वेळ ठरलेली असते, उशिरा आलेल्यांना ताट मिळेलच असं नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. तिथल्या साध्या सुपातही बहुतेकदा माशाचा अर्क असतो. बूट दारातच काढायचे, हे आपल्याला शिकवायला नको.

हॉटेलचं नाव-पत्ता जपानी लिपीत छापलेलं कार्ड तुमच्या कागदपत्रांबरोबर देत आहोत. टॅक्सीवाल्याला तेच दाखवा.