लूनासा

लूनासा : आयर्लंड, स्कॉटलंड व आइल ऑफ मॅन येथील गेलिक (आयरिश व तिच्या भगिनीभाषा बोलणाऱ्या) समाजांचा सुगीच्या आरंभाचा सण. परंपरेने तो १ ऑगस्टचा. अलीकडच्या शतकांत मात्र बहुतेक ठिकाणी जुलैचा शेवटचा किंवा ऑगस्टचा पहिला रविवार धरून तो साजरा होई. साउइन (१ नोव्हेंबर), इम्बोल्क (१ फेब्रुवारी), बेल्टन (१ मे) आणि लूनासा या चार सणांनी गेलिक वर्षाचे चार भाग पडतात. आधुनिक आयरिशमध्ये ऑगस्ट महिन्यालाच लूनासा म्हणतात.

जुन्या आयरिशमधील ‘लुग्नसद’ या नावाचा पूर्वार्ध लू (जुने रूप लुग) या देवाचा आहे, याबद्दल दुमत नाही. ‘नसद’चा अर्थ मेळा किंवा खेळ असा लावतात. इ. स. ९०० च्या सुमाराच्या, कॉर्मक मॅक कुलेनान (मृत्यू ९०८) याच्या नावावर असलेल्या शब्दकोशातही, शरदाच्या प्रारंभी लूने भरवलेला मेळा, असेच स्पष्टीकरण आहे. कू हुलिन हा वीर एमरला मागणी घालतो त्या जुन्या आयरिश कथेत मात्र या दिवसाला ‘ब्रोन ट्रोगन’ म्हटले असून, पिकाच्या भाराने धरणी कष्टी होते म्हणून हे नाव, अशी फोड केली आहे. हे नाव लूशी निगडित नावापेक्षा जुने असावे, असे काहींना वाटते. पण केवळ नावावरून कालक्रम ठरवणे जोखमीचे आहे.

लू हा सूर्यदेव व लूनासा हा सूर्याचा उत्सव, हे मत एकोणिसाव्या शतकात रूढ झाले आणि लोकप्रिय लेखनात अजून टिकून आहे. देवाचे नाव ‘प्रकाश’ या अर्थाच्या धातूपासून आले, हा त्याचा मुख्य आधार. केल्टिक भाषांच्या (आयरिश ज्या कुळातली, त्या भाषांच्या) ध्वनिनियमांत ही व्युत्पत्ती नीट बसत नाही. ‘शपथ’ या अर्थाच्या धातूकडे आज अधिक अभ्यासकांचा कल आहे. लूचा शेतीशी संबंध दाखवणारा उल्लेख कथांत एके ठिकाणी ठळकपणे येतो : मॉय टूरा येथील दुसऱ्या युद्धात हरलेला विरोधी पक्षाचा ब्रेस जीवदानाच्या बदल्यात नांगरणी, पेरणी आणि कापणी मंगळवारी करावी, हे गुपित लूला सांगतो. एवढ्यावरून त्याला सुगीचा देव ठरवता येईल का, हा प्रश्नच आहे.

सण आयर्लंडपुरता नसून सर्व केल्टांचा होता, या मताची भिस्त फ्रान्समधील लिओं शहरावर आहे. या शहराचे जुने नाव लुग्दुनम. त्याचा अर्थ सामान्यतः ‘लुगुस देवाचा गड’ असा करतात; लुगुस हे लूचेच गॉलमधील रूप मानतात. ऱ्होन व सोन नद्यांच्या संगमाजवळ रोम आणि सम्राट ऑगस्टस यांची वेदी होती व तिथे गॉलच्या (आजच्या फ्रान्स व आसपासच्या प्रदेशाच्या) जमातींचे प्रतिनिधी १ ऑगस्टला जमत. वेदीच्या प्रतिष्ठापनेचे वर्ष इ. स. पू. १२ की १०, याबद्दल प्राचीन लेखकांतच मेळ नाही. रोमनांनी जुन्या लुगुस-उत्सवावर आपला सोहळा बसवला, हा तर्क आकर्षक आहे. पण इ. स. पू. ३० मध्ये ऑगस्टसने अलेक्झांड्रिया जिंकले तेही १ ऑगस्टलाच, त्यामुळे या तारखेला निखळ रोमन कारणही पुरते. गॉलमध्ये त्या दिवशी सुगीचा सण होत असल्याचा थेट लेखी पुरावा नाही. तेव्हा हा दुवा शक्यतेच्या पातळीवरच ठेवणे बरे.

मध्ययुगीन आयरिश ग्रंथांना या दिवसात खरा रस आहे तो राजांच्या मेळ्यांमुळे. त्यांतील प्रमुख मेळा मीथ परगण्यातील टेलटाउनचा. जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणताना थकून मेलेल्या टाल्टू या आपल्या पालक मातेच्या स्मरणार्थ लूने तो सुरू केला, अशी कथा आहे. घोड्यांच्या शर्यती, शारीरिक खेळ, कायद्यांची घोषणा, तंट्यांचे निवाडे असे त्याचे स्वरूप होते. मेळा भरवणे हा राजाच्या अधिकाराचा जाहीर पुरावाच होता. म्हणून नवव्या शतकाच्या उत्तरार्धात काही वर्षे तो भरला नाही, याची खंत वृत्तांतकारांनी आवर्जून नोंदवली. १००७ मध्ये माएल शेखनल या राजाने त्याचे पुनरुज्जीवन केले आणि ११६८ मध्ये रॉरी ओ’कॉनरने भरवलेला मेळा बहुधा शेवटचा ठरला. लीन्स्टर प्रांतातील कार्मनचा मेळा दर तीन वर्षांनी भरे. त्यावरील कवितेत तीन बाजारांचे वर्णन आहे : खाद्यपदार्थांचा, गुराढोरांचा आणि सोने व उंची वस्त्रे विकणाऱ्या ‘ग्रीक’ परदेशी व्यापाऱ्यांचा. मेळा भरवल्यास धान्य आणि दूध मुबलक. न भरवल्यास अकाली पिकलेले केस, अशी तंबीही तीत आहे. कार्मनची जागा निश्चित झालेली नाही.

लोकाचाराची माहिती जवळजवळ सगळी अठराव्या शतकानंतरची आहे. जुलै हा टंचाईचा महिना. साठवणीतले संपलेले, नवे हाती आलेले नाही. बटाटा हे मुख्य अन्न झाल्यावर तर ही ओढाताण वाढली. सणाआधी बटाटे उकरणे म्हणजे घर चालवता न येण्याची निशाणी समजत. त्या रविवारी नव्या बटाट्यांचे जेवण होई आणि मग तरुण मंडळी डोंगरावर बिलबेरी ही रानफळे वेचायला जात. डॉनेगॉलमध्ये मुलगे ही फळे ओवून मुलींसाठी कंकणे करीत. परतण्यापूर्वी मुली ती काढून डोंगरमाथ्यावरच ठेवून देत. पवित्र विहिरींना प्रदक्षिणा, नाच, शर्यती आणि पुष्कळदा दोन गटांची ठरवून केलेली मारामारी हेही असे. टेलटाउनला जोडप्याने एक वर्ष व एक दिवस एकत्र राहून, न पटल्यास पाठीला पाठ लावून एकाने उत्तरेला व दुसऱ्याने दक्षिणेला चालू लागावे, ही आठवण १८३६ मध्ये आयरिश अभ्यासक जॉन ओ’डॉनोव्हन यांनी टिपली.

या सामग्रीचा आधारभूत अभ्यास मॉयरा मॅकनील यांचा (१९६२). आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९४२ मध्ये गावोगावी पाठवलेल्या प्रश्नावलीची उत्तरे आणि जुने ग्रंथ पडताळून त्यांनी दोनशेच्या आसपास मेळ्यांची ठिकाणे नोंदवली. पहिली कणसे उंचावर अर्पण करणे, बैलाचा बळी, नवान्नाचे जेवण आणि धान्य दडवून ठेवणाऱ्या क्रॉम डू या देवावर लूचा विजय, असा मूळ विधी त्यांनी मांडला. ठिकाणांची नोंद आजही अजोड आहे. मूळ विधीच्या मांडणीबाबत मात्र रोनल्ड हटन यांच्यासारख्या इतिहासकारांचा सावध सूर अधिक पटतो. लोककथांत लूचे नाव क्वचितच येते, क्रॉम डूचा सामना तिथे आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकशी होतो. लूच्या जागी संत आला, हे मॅकनील यांचे गृहीत आहे. मेयो परगण्यातील ७६४ मी. उंचीच्या क्रोक पॅट्रिक डोंगरावर जुलैच्या शेवटच्या रविवारी आजही हजारो भाविक, काही अनवाणी, चढून जातात. ही यात्रा लूनासाचा सरळ वारसा मानली जाते. पण १११३ मध्ये या डोंगरावर वीज पडून उपवासाला बसलेले तीस यात्रेकरू मेले, ती रात्र पॅट्रिकच्या सणाची, म्हणजे मार्चमधील होती. उन्हाळ्यातील यात्रा नंतरची असण्याची शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही.

स्कॉटलंडच्या सखल भागातील गुराखी मुले गवताच्या ढेकळांचे मनोरे रचून निशाण लावत व इतरांचे मनोरे पाडायला जात, असे वर्णन अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. आइल ऑफ मॅनमध्ये ऑगस्टच्या पहिल्या रविवारी स्नेफेल डोंगर चढत. एका धर्मोपदेशकाने तिथे वर्गणी गोळा करायला सुरुवात केली आणि लोक यायचे थांबले, असे सांगतात. इंग्लंडमधील लॅमस हा १ ऑगस्टचा पावाचा सण अँग्लो-सॅक्सन ख्रिस्ती परंपरेतला असून त्याला लूनासाचे भाषांतर समजणे योग्य नाही.

केरी परगण्यातील किलॉर्ग्लिनची पक जत्रा (१०–१२ ऑगस्ट) ही लूनासाचा अवशेष असल्याचे सांगतात. तीत रानबोकडाला मुकुट घालून उंच मचाणावर चढवतात. जत्रेचा ज्ञात परवाना १६१३ चा आहे. त्यामागे जाणारे धागे विरळ आहेत. स्वतंत्र आयर्लंडने टेलटाउनच्या स्मृतीत १९२४, १९२८ व १९३२ मध्ये डब्लिनला टाल्टन क्रीडामहोत्सव भरवले. पहिल्या महोत्सवाच्या पाहुण्यांत क्रिकेटपटू रणजितसिंहजी होते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून विक्का व तत्सम नवपेगन (ख्रिस्तपूर्व धर्माचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या) पंथांनी लूनासा आपल्या आठ सणांच्या वर्षचक्रात घेतला. पाव भाजणे आणि कणसांच्या बाहुल्या विणणे हे त्यांचे मुख्य आचार. दक्षिण गोलार्धातले अनुयायी तिथल्या सुगीप्रमाणे तो फेब्रुवारीच्या आरंभी करतात.