मक्याला नजर लागत नसते

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडं काकांच्या शेतात मक्याची कणसं सोलत बसलो होतो, तर दोन-तीन कणसांमागं एक बोळकं निघायचं, टोकाला आणि मधेमधे दाणेच नाहीत. काका म्हणाले, "नजर लागलीय बघ की." बांधावर चुन्याचे ठिपके दिलेलं मडकं टांगलंय, तरी म्हणे नजर!

सोलताना नीट बघा, कणसाचा प्रत्येक केस आत एकाच दाण्यापाशी जातो. वरच्या तुऱ्यातला पराग त्या केसावर पडला की त्याला नळी फुटते, ती केसात घुसून आतून खाली वाढत जाते. पराग मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, केस कधी कधी वीतभर, तरी साधारण एका दिवसात नळी पोचते, ती पोचली तरच दाणा धरतो, आणि ही सगळी नळी म्हणजे एकच पेशी बरं का.

केसातून उतरताना वाट ठरलेलीच असते. खरी गंमत शेवटी, बीजांडाचं, म्हणजे ज्याचा पुढं दाणा होतो त्याचं, बारीक भोक सापडायला पाहिजे. तिथं अंडपेशीशेजारच्या दोन सहायक पेशी बारकी प्रथिनं सोडतात, नळीसाठी तोच वास समजा. मक्यातलं असं प्रथिन २००५ मध्ये सापडलं. जपानात हिगाशियामा या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या टीमनं टोरेनिया नावाच्या फुलझाडात २००१ मध्ये लेसरनं या सहायक पेशी जाळून बघितल्या, तर नळ्या यायच्याच बंद झाल्या, मग २००९ मध्ये तिथली प्रथिनंही सापडली, नाव दिलं लुअर, म्हणजे आमिष.

आता त्या वासाकडं नळी वळते कशी? नळी फक्त शेंड्याला वाढते. शेंड्याच्या पापुद्र्यावर वास ओळखणारे रिसेप्टर असतात, ज्या अंगाला वास जास्त तिकडचे जास्त जागे होतात आणि तिथं रॉप नावाचं स्विच-प्रथिन चालू होतं, मग पेशीतले ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे तिकडंच वळतात, त्यांच्यावरून भिंतीचं सामान भरलेल्या पुड्या तिकडंच येऊन रिकाम्या होतात, तिथली भिंत ताजी म्हणून मऊ, आणि आतल्या पाण्याचा दाब मऊ जागीच फुगवटा काढतो. म्हणजे नळी वळत नाही हो, त्या बाजूला जास्त बांधली जाते! मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

काकांचा मका तुऱ्यावर आला तेव्हा पावसानं दडी मारली होती. पाणी तुटलं की केस उशिरा बाहेर येतात, त्यातही टोकाच्या दाण्यांचे सगळ्यात शेवटी, तोवर तुऱ्यातला पराग उडून गेलेला. मधले काही केस किड्यांनी कातरलेले. त्या दाण्यांकडं नळी निघालीच नव्हती.