धनगर की धनगड: जमातींच्या यादीतल्या शब्दांची पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 36व्या क्रमांकावर 'ओरॉन, धनगड' अशी नोंद आहे. धनगर समाजाचं म्हणणं असं, की हे धनगड म्हणजे आम्हीच. इंग्रजीत लिहिताना 'र'चा 'ड' झाला. वाद एका अक्षराचा दिसतो, पण तो का सुटत नाही हे यादीच्या घडणीत दडलेलं आहे.

राज्यघटनेच्या कलम 342 नुसार राज्यपालांशी विचारविनिमय करून राष्ट्रपती यादी जाहीर करतात. पहिला आदेश 6 सप्टेंबर 1950चा. त्यानंतर नाव घालायचं किंवा काढायचं, तर संसदेचा कायदाच लागतो. राज्य सरकार फक्त शिफारस करू शकतं. 28 नोव्हेंबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलबा-कोष्टी प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. यादीत 'हलबा, हलबी' आहे. हलबा-कोष्टी म्हणजे हलबाच, हे दाखवण्यासाठी पुरावा घेण्याचीही मुभा नाही. नोंद आहे तशीच वाचायची.

याचा सर्वांत जिव्हारी लागलेला फटका विदर्भातल्या गोवारींना बसला. 18व्या नोंदीत 'गोंड गोवारी' असं आहे, मध्ये स्वल्पविराम नाही, म्हणजे नुसते 'गोवारी' यादीत नाहीत. 23 नोव्हेंबर 1994ला नागपुरात अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, 114 जीव गेले. 'गोंड गोवारी' ही वेगळी जमात 1911पूर्वीच नामशेष झाली होती, म्हणजे यादीतले ते गोवारीच, असा निकाल 2018मध्ये नागपूर खंडपीठाने दिला. डिसेंबर 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच नोंदीत 'माना' मात्र स्वल्पविरामांच्या मध्ये सुटं आहे, आणि माना गोंडांपासून वेगळी जमात असल्याचं 2006मध्ये मान्य झालं. इतक्या माणसांचं भवितव्य विरामचिन्हावर टांगलेलं असणं मनाला पटत नाही.

धनगरांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2024ला याच तत्त्वावर फेटाळल्या. त्यांचं राज्यातलं आरक्षण भटक्या जमाती (क) मधलं, 3.5 टक्के.

जातपडताळणीत तर अडचण घरोघरी पोचते. 1950पूर्वीच्या शाळेच्या दाखल्यात किंवा गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, नुसतं 'कोळी' लिहिलेलं असतं. यादीत 'कोळी महादेव', 'कोळी मल्हार', 'टोकरे कोळी' आहेत, नुसता 'कोळी' नाही. लिहिणाऱ्याने पुढचा शब्द गाळला, की नातवाचा दावा अडतो. 44व्या नोंदीत 'ठाकूर' आणि 'ठाकर' दोन्ही रूपं दिली आहेत, त्यामुळे तिथे उच्चाराचा वाद उरत नाही. पण ठाकूर हे इतर जातींतही आडनाव असल्याने पडताळणी समिती अर्जदाराच्या चालीरीती तपासते. ही तपासणी एकमेव कसोटी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये स्पष्ट केलं.