अ‍ॅनोटेशनचे मूल्य बाहेरून बदलता येऊ नये असे वाटते? प्रस्ताव कसा द्यायचा

मायक्रोप्रोफाइल फॉल्ट टॉलरन्स हे जावा सेवांनी बिघाड कसा हाताळावा हे ठरवणारे खुले स्पेसिफिकेशन. त्यात कोडवर लिहिलेल्या रिट्राय (पुन्हा प्रयत्न), टाइमआउट (वेळमर्यादा), बल्कहेड (एकावेळच्या कामांवर मर्यादा) अशा अ‍ॅनोटेशनची, म्हणजे कोडला जोडलेल्या सूचनांची, मूल्ये कॉन्फिगरेशनमधून (कोडबाहेरच्या सेटिंगमधून) बदलता येतात. एकाच मेथडपुरती, क्लासपुरती किंवा सरसकट. त्यातली सरसकट बदलण्याची सोय धोक्याची. पैसे वळते करणाऱ्या मेथडवर कुणी विचारपूर्वक एकच रिट्राय ठेवला असेल, आणि सर्व्हरवर ‘रिट्राय/मॅक्सरिट्राइज’ (Retry/maxRetries) या सरसकट सेटिंगचे मूल्य 30 दिले, तर त्या मेथडलाही 30 लागू होते. समोरच्या सेवेत दुबार व्यवहार ओळखण्याची सोय नसेल तर ग्राहकाच्या खात्यातून पुन्हा पुन्हा पैसे जातील. म्हणून कोणती अ‍ॅनोटेशन बाहेरून बदलता यावीत, हे कोड लिहिणाऱ्याला ठरवता आले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. असे वाटणाऱ्या कुणालाही प्रस्ताव देता येतो.

पात्रतेची अट फारशी नाही. पदवी, कंपनीचे सदस्यत्व किंवा शुल्क लागत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खाते असले की इश्यू (अडचण किंवा सूचनेची नोंद) उघडता येतो. कोड किंवा स्पेसिफिकेशनचा मजकूर द्यायचा असेल, तर मायक्रोप्रोफाइल सांभाळणाऱ्या एक्लिप्स फाउंडेशनचे खाते काढून तिथला ‘एक्लिप्स काँट्रिब्यूटर अ‍ॅग्रीमेंट’ ऑनलाइन मान्य करावा लागतो. खात्यातला ईमेल आणि गिट कमिटमधला (कोडबदलाच्या नोंदीतला) ईमेल एकच ठेवा. नाहीतर तपासणी तिथेच अडते. नोकरीत असाल तर त्याआधी नेमणुकीचा करार नीट वाचा. दिलेले काम देण्याचा हक्क आपल्याला आहे, असे तुम्ही एक्लिप्सच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये कबूल करता. कामाची मालकी कंपनीची असेल तर परवानगी लेखी घ्या.

आता खरे कागदपत्र, म्हणजे प्रस्ताव. इश्यूत आधी अडचण लिहा, उपाय नंतर: कोणते अ‍ॅनोटेशन, कोणते मूल्य, कुठून बदलले गेले, नुकसान काय. मग प्राधान्यक्रम, म्हणजे एकच मूल्य अनेक ठिकाणी दिले तर कुठले लागू होते, ते स्पष्ट करा. मायक्रोप्रोफाइल कॉन्फिगमध्ये (कॉन्फिगरेशनच्या स्पेसिफिकेशनमध्ये) सिस्टीम प्रॉपर्टीचा क्रमांक 400, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलचा 300 आणि अ‍ॅप्लिकेशनसोबतच्या फाइलचा 100. मोठा क्रमांक जिंकतो. मूल्य बदलण्यावरची तुमची बंदी या तिन्हींना लागू आहे का, हे लिहिले नाही तर पहिला प्रश्न तोच येईल. दुसरा प्रश्न जुन्या अ‍ॅप्लिकेशनचा. म्हणून मुळात सगळे खुले ठेवून, बंद करायचे तेवढेच कोडमध्ये नोंदवायचे, अशी रचना सुचवा. उलट केलेत तर आज चालणारी कॉन्फिगरेशन मोडतील.

चर्चेत सहमती झाली की पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, द्यायची. तिच्यात एपीआय (कोडमध्ये वापरायची अ‍ॅनोटेशन), स्पेसिफिकेशनचा मजकूर आणि टीसीके म्हणजे सुसंगतता चाचण्या, तिन्ही हवेत. चाचण्यांकडे दुर्लक्ष होते, पण नियम पाळला जातो की नाही हे त्याच ठरवतात. ती मर्ज करण्याचा, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळण्याचा, अधिकार कमिटरांचा (प्रकल्पाच्या अधिकृत सदस्यांचा). पुढे नव्या आवृत्तीला स्पेसिफिकेशन कमिटीचे मतदान लागते, आणि टीसीके उत्तीर्ण झालेले निदान एक मुक्त स्रोत इम्प्लिमेंटेशन (स्पेसिफिकेशननुसार चालणारे सॉफ्टवेअर) तयार असावे लागते.

तोवर आपल्या प्रकल्पात एवढे करा: ‘रिट्राय/मॅक्सरिट्राइज’सारखी सरसकट सेटिंग वापरू नका, मेथडचे पूर्ण नाव देऊनच मूल्य बदला.