‘मुलगेच ते, उशिराच बोलतात’ : हे कितपत खरं?

फॉरवर्डमध्ये आणि आजीच्या तोंडीही असतं: मुलगे उशिरा बोलतात, याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला, थांबा जरा.

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते टिकलंय. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा किंचित मागे असतात, पण फरक एक-दोन महिन्यांचा, दीड-दोन वर्षांचा नव्हे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, तर मुलगा असो की मुलगी, तपासणी हवी.

शिवाय उशिरा बोलणं हे कधी कधी ऑटिझमचं, म्हणजे मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने झाल्याने इतरांशी संवाद साधणं अवघड जाण्याचं, लक्षण असू शकतं. त्यात बोलण्याइतकंच, किंबहुना जास्तच, न बोलता होणारं बघायचं असतं. दीड वर्षाचं मूल खिडकीत कावळा दिसला की बोट दाखवतं आणि वळून आईकडे बघतं: ‘तूही बघितलास ना?’ शब्द नसले तरी हा संवादच. तो होतो का? टीव्ही बंद करून, मूल पाठमोरं असताना हाक मारा. एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी. वळतं का? कुकरच्या शिट्टीला दचकतं म्हणजे कान ठीक, असं मात्र धरू नका. कानांची तपासणी आधी.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची २० हो-नाही प्रश्नांची यादी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. ती फक्त चाळणी, निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या प्रत्येक मुलाला ऑटिझम असतोच असं नाही. पण अडकलं, तर स्पीच थेरपी निदानाची वाट न बघता सुरू करता येते. बाबा उशिरा बोलला असेलही. त्याला तेव्हा कुणी तपासलं नव्हतं, इतकंच.