जुनी शिकारी रायफल आणि 'बोअर'चा घोळ

मामांच्या कपाटातली रायफल नावावर करून घ्यायचं ठरलं, तेव्हा पहिली माशी शिंकली ती परवान्याच्या जुन्या बुकातच. त्यात बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, लिहिलंय .२७५, आणि नळीवर चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं तिथे, भिंग लावून बघितलं तर कोरलंय ७ एमएम. परवाना कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं, आकडे दोन म्हणजे हत्यारं दोन. प्रत्यक्षात काडतूस एकच. जर्मन ७ बाय ५७ (नळी ७ मिमीची, काडतुसाचं टरफल ५७ मिमी लांब), १८९० च्या दशकातलं, लंडनच्या एका नामी दुकानाने तेच इंचात मोजून .२७५ म्हणून विकलं, आणि इथल्या संस्थानिकांनी नि साहेब लोकांनी ते हरणासाठी म्हणून भरपूर घेतलं.

आता बोअर म्हणजे नक्की काय मोजायचं यावरच खरं तर एकमत नाही. नळीच्या आत पीळ पाडलेला असतो, त्या पिळाच्या वर आलेल्या कडांमधलं अंतर घेतलं तर एक आकडा येतो, खाचेच्या तळापासून तळापर्यंत घेतलं तर दुसरा. .३०३ हे नाव कडांवरून पडलंय, गोळी बसते .३११ च्या आसपास. .३१५ चंही तसंच, गोळी .३२३. पण .३७५ म्हणतात तेव्हा तो आकडा गोळीचाच असतो. आणि काडतूस किती लांब, किती दारूचं, हे तर बोअरवरून कळतच नाही. तरी आपल्याकडे कायदा, परवाना, भाव सगळं या एका आकड्यावर उभं आहे.

हे असं का झालं ते बघायला १९०७ च्या आसपासच्या एका बंदीकडे जावं लागतं. १८७८ च्या शस्त्र कायद्याबद्दल सगळ्यांनी शाळेत वाचलेलंच आहे, ते सोडतो. इंग्रजी फौजेकडे आधी मार्टिनी-हेन्री रायफल होती, तिचं काडतूस .४५० च्या गोळीचं. फौज .३०३ वर गेली तरी या जुन्या बंदुका वायव्य सरहद्दीवर टोळीवाल्यांच्या हातात फिरत राहिल्या. दरम्यान १८९८ ला हत्ती-गव्यासाठी .४५० नायट्रो एक्सप्रेस निघाली, कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूवर चालणारी, आणि शिकारी लोक अक्षरशः वेडे झाले तिच्यासाठी. तर सरकारला भीती वाटली की शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या काढून लोक मार्टिनीच्या काडतुसात भरतील, म्हणून हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअर आणायलाच बंदी.

माझ्या मते हा निर्णय कागदावरच शहाणा होता. सरहद्दीवरचा माल तर मस्कतमार्गे इराणच्या आखातातून येत होता, त्याला मुंबईतल्या दुकानातून एका काडतुसाला बऱ्याच पैशांनी पडणारी शिकारी गोळी कशाला लागते. काही जण अजूनही बंदीची बाजू घेतात, म्हणतात सरकारला धोका पत्करून चालणार नव्हतं, ठीक आहे. पण झालं काय, तर बंदुकवाल्यांनी आकडा तेवढा बदलला. कोणी .४६५ काढली, कोणी .४७०, कोणी .४७५, कोणी .४७६. गोळी तीच ४८० ते ५२० ग्रेन (गोळी तोलायचं बारीक माप) वजनाची, वेग सेकंदाला २१०० फुटांच्या आगेमागे, गव्याला फरक शून्य. फरक पडला तो शंभर वर्षांनी आपल्याला, कारण एकाचं काडतूस दुसरीत जात नाही आणि त्यातली बरीचशी आता बनतच नाहीत.

.३०३ चं तसंच. लष्करी काडतूस, म्हणून सामान्य माणसाला नको. मग ऑस्ट्रियाचं ८ एमएम मानलिखर काडतूस घेतलं आणि इंग्रजी ली रायफलमध्ये बसवून ते .३१५ म्हणून इकडे विकलं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच परंपरा चालवली, नि काडतुसं आपल्या खडकीची. काडतुसाच्या बुडावर बघा, केएफ (म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकी) आणि ८ एमएम असं असतं, .३१५ लिहिलेलं नाही! म्हणजे मामांच्या रायफलीचा जो घोळ तोच इथेही, फक्त याला सरावलेत सगळे.

१९५९ चा शस्त्र कायदा नि १९६२ चे नियम आले आणि त्यात हा आकड्यांचा खेळ पक्का झाला, पीबी (प्रोहिबिटेड बोअर, प्रतिबंधित) आणि एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड, चालणारा). .३०३ आणि फौजेचं ७.६२ काडतूस घेणारी रायफल प्रतिबंधित, तिचा परवाना केंद्राकडे; .३१५ किंवा .३७५ जिल्ह्यात मिळते. .३७५ गवा आडवा करते, पण ती चालते. .३०३ त्यापुढे किरकोळ, ती चालत नाही.

पुढचं पटापट घडलं. १९७२ ला वन्यजीव कायदा, १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकार जवळपास पूर्ण बंद, कोकणात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या नि दुनळी बंदुका तेवढ्या राहिल्या, त्याही इलेक्शन आलं की चौकीत जमा. ८० च्या दशकात बाहेरून हत्यार आणणं बंद झालं आणि देशात जे होतं त्याचा भाव गगनाला भिडला. मग शस्त्र कायद्याची २०१९ ची दुरुस्ती, माणशी हत्यारं तीनवरून दोन. आधी एकच ठेवायचा प्रस्ताव होता, ओरड झाली म्हणून दोन. तिसरं हत्यार वर्षभरात जमा करायचं होतं. वाडवडिलांच्या रायफली डीलरकडे आल्या त्या यामुळे, आणि म्हणून आत्ता कुठे लोक विचारायला लागलेत की घेऊ का.

'अँटिक आहे, परवाना लागत नाही' असं कोणी सांगितलं तर उठून निघा. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधीची असली की वेगळा हिशेब, आपल्याकडे सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्यारालाच.

माल बघताना बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, काढून नळी उजेडाकडे धरा. काडतुसाच्या बुडातल्या जुन्या टोपीतल्या (ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरमधल्या) क्षाराने पाणी ओढून आतून गंज धरलेला असतो, पिळाच्या कडा आरशासारख्या चमकण्याऐवजी देवीच्या व्रणांसारख्या दिसतात. पूर्वी गोळ्या झाडल्यावर उकळतं पाणी नळीत ओतायचे ते याचसाठी. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का तेही बघा.

मामांच्या रायफलीची नळी आतून अजून स्वच्छ आहे. बुकात आता .२७५ च्या पुढे पेनने '/७ एमएम' असं जोडून शिक्का मारून मिळालाय, त्याला सव्वा वर्ष लागलं. पेटीत काडतुसं आहेत ११.