नमुना आपला, लस कोणाची?

काजूच्या हंगामात बेळगाव जिल्ह्यातले मजूर गोव्यातल्या बागांत कामाला जातात. २०१६ साली त्यांतले काही ताप घेऊन परतले आणि तो माकडताप निघाला. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा रोग १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. पुढे गोव्यातल्या सत्तरी, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत पोचला. त्यावरची जुनी लस गुणकारी राहिली नाही म्हणून बंद झाली. रोगी थोडे आणि गरीब, त्यामुळे नव्या लशीत औषध कंपन्यांना कमाई दिसत नाही.

हे दुखणं फक्त बेळगावजवळच्या खानापूरच्या रानाचं नाही. विषाणू जिथे सापडतो तिथून त्याचा नमुना प्रयोगशाळांत जातो, त्यावरून लस बनते, आणि ती आधी कोणाला मिळणार हे पैसा ठरवतो. २००७ साली इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणंच थांबवलं. आमच्याच विषाणूवरून केलेली लस आम्हाला परवडत नाही, ही त्यांची तक्रार होती. नमुने अडवले की साथीवरची पाळत ढिली पडते, हे खरं; तरी मला ती तक्रार रास्त वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली तोडगा काढला, पण फक्त इन्फ्लुएंझापुरता. कोविडच्या वेळी तो उपयोगी पडला नाही. श्रीमंत देशांनी लशी आधीच राखून ठेवल्या.

मे २०२५ मध्ये संघटनेच्या सदस्य देशांनी मंजूर केलेला साथ-करार याच ठिकाणी हात घालतो. जागतिक साथीच्या आणीबाणीत सहभागी उत्पादकांनी लशी, औषधं आणि चाचण्यांच्या उत्पादनाचा २० टक्के हिस्सा संघटनेला द्यायचा. त्यात एकूण उत्पादनाच्या किमान १० टक्के मोफत, उरलेला परवडणाऱ्या दरात. मात्र नमुने कसे द्यायचे आणि त्यांच्या बदल्यात काय मिळायचं, याचं परिशिष्ट ठरल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही. खरी घासाघीस तिथेच आहे.

दुसरी अडचण पैशाची. सदस्य देशांच्या बंधनकारक वर्गणीतून संघटनेचा जेमतेम पाचवा हिस्सा खर्च भागत आला. बाकीची बरीचशी रक्कम देणगीदार सांगेल त्याच रोगावर खर्च करावी लागते. मूळ अंदाजपत्रकात वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांवर न्यायचं सदस्य देशांनी २०२२ साली ठरवलं आहे. ते पाळलं गेलं, तर दुर्लक्षित रोगांनाही वाव मिळेल.

लसनिर्मिती मूठभर शहरांतच असावी, असा नियमही नाही. बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एकेकाळी देवीची लस बनत होती. माकडताप जागतिक साथीत मोडत नाही, म्हणून त्या २० टक्क्यांतून इथल्या काजू-मजुराला काहीच मिळणार नाही. त्याच्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लशीवर काम चालू आहे.